डिफेंडरला मोटर लावल्यावर चढावर गिअर का सुटतात? आणि तिच्याच भागांतून जिप्सी कशी उभी करावी?

रामबागकर, इंदूर

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्याकडे लेगो टेक्निकची लँड रोव्हर डिफेंडर आहे; संच क्रमांक ४२११०, २०१९ सालचा, २५७३ भागांचा. सहा सिलिंडरचे हलते इंजिन, चार गतींचा गिअरबॉक्स, त्यावर हाय आणि लो अशी आणखी एक निवड, तीन डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, हा तिचा पसारा ज्यांनी ती जोडली आहे त्यांना वेगळा सांगायला नको. गाडी हाताने ढकलावी आणि बॉनेटखाली पिस्टन वरखाली होताना पाहावेत एवढाच तिचा मूळ खेळ आहे. माझ्या भाच्याला तेवढ्यावर समाधान नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

म्हणून इंजिन काढून त्या जागी लेगोच्याच पॉवर फंक्शन्स या जुन्या विद्युत मालिकेतली एक्सएल मोटर बसवली, बॅटरीचा डबा मागे सामानाच्या जागेत ठेवला आणि मोटरची ताकद मूळ गिअरबॉक्समधूनच चाकांकडे जाऊ दिली. मूळ टायर काढून ८१.६ मि.मी. व्यासाचे टायर चढवले. बॅटरीसह गाडीचे वजन अडीच किलोच्या घरात गेले आहे. सपाट फरशीवर ती व्यवस्थित चालते. मात्र फळी सुमारे तीस अंशांत कलती करून त्यावर सोडली की लो गिअरमध्येसुद्धा ती अर्ध्यावर थबकते, मोटर फिरतच राहते आणि खालून कटकट असा आवाज येऊ लागतो. खालची बाजू उघडून पाहिली, तेव्हा १२ दात्यांच्या बेव्हल (काटकोनात जुळणाऱ्या) गिअरच्या दात्यांच्या कडा पांढुरक्या झालेल्या दिसल्या. याशिवाय पुढचे एक चाक पुस्तकांच्या थप्पीच्या कडेवरून अधांतरी झाले, तर तेवढे एकच चाक गरगर फिरते आणि उरलेली तीन जागच्या जागी उभी राहतात.

माझे प्रश्न दोन आहेत. गिअर सुटणे थांबवण्यासाठी नेमके काय बदलावे? आणि दुसरा प्रश्न थोडा हौसेचा आहे: एवीतेवी सगळे उघडायचेच असेल, तर याच भागांतून मारुती जिप्सी करता येईल का? इंदूरजवळच्या चोरल आणि जानापावच्या वाटांवर एके काळी हीच गाडी सर्वांत आधी दिसत असे, आणि आमच्या घरात डिफेंडरपेक्षा तिच्याविषयी जिव्हाळा अधिक आहे.

पिथमपूरचा फिटर

आधी हिशेब मांडू, म्हणजे घोडे कुठे पेंड खाते ते दिसेल.

अडीच किलोची गाडी तीस अंशांच्या चढावर चढवायची, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे १२.२५ न्यूटन असते. आपल्या टायरची त्रिज्या ४.०८ सेंटिमीटर आहे. या दोहोंचा गुणाकार केला की चारही चाकांवर मिळून लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ५० न्यूटन-सेंटिमीटर येतो, आणि यात घर्षण अजून धरलेले नाही. एक्सएल मोटर ९ व्होल्टवर पूर्ण अडली असताना साधारण ४० न्यूटन-सेंटिमीटर देते, असे हौशी मंडळींनी केलेल्या मोजणीत दिसते. मोकळी असताना ती मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते. म्हणजे मोटर थेट चाकांना जोडली असती तर ती चढावर अडून बसली असती. आपली मोटर अडत नाही, फिरत राहते. याचा सरळ अर्थ असा की ताकद मोटरपाशी पुरेशी तयार होते आहे. ती चाकांपर्यंत पोहोचवणारी वाट मध्येच हार खाते आहे. अशा वेळी दुसरी मोटर जोडण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण ते आजार रेड्याला आणि औषध पखालीला असे होईल. दुसऱ्या मोटरने दाते आणखी लवकर झिजतील.

आता ती वाट का हार खाते ते पाहू. लो गिअर टाकला की वेग कमी होतो आणि टॉर्क वाढतो, पण हे घडते गिअरबॉक्समध्ये, म्हणजे चाकांपासून फार लांब. तिथून पुढे जे जे आहे, म्हणजे मधला डिफरन्शियल, पुढेमागे जाणारे ॲक्सल, बेव्हल जोड्या, युनिव्हर्सल जॉइंट, या सगळ्यांना तो वाढलेला टॉर्क वाहून न्यावा लागतो, आणि हे सर्व प्लॅस्टिकचे आहे. शेवटच्या बेव्हल जोडीचे प्रमाण तात्पुरते बाजूला ठेवले, तर मधल्या ॲक्सलमधून ५०, पुढे आणि मागे प्रत्येकी २५, आणि प्रत्येक चाकाच्या ॲक्सलमधून साडेबारा न्यूटन-सेंटिमीटर अशी वाटणी होते. हेच रिडक्शन, म्हणजे वेग उतरवून टॉर्क वाढवणे, समजा तीनास एक प्रमाणात गिअरबॉक्सऐवजी थेट चाकाच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) केले, तर मधल्या ॲक्सलमधून १६.७ आणि प्रत्येक चाकाच्या ॲक्सलमधून जेमतेम ४.२ न्यूटन-सेंटिमीटर जातात. चाकाला मिळणारा टॉर्क मात्र तेवढाच राहतो. मोटर तीच, चढ तोच. पण वाटेतल्या प्रत्येक भागावरचा भार एक तृतीयांश होतो. चढणारी गाडी करायची असेल तर रिडक्शन शक्य तितके चाकाजवळ असावे, यावर मी कोणतीही तडजोड करणार नाही.

मूळ गिअरबॉक्सविषयी माझे मत थोडे कडक आहे. तो अत्यंत कुशलतेने रचलेला आहे, परंतु तो पाहण्यासाठी आहे, भार ओढण्यासाठी नाही. ड्रायव्हिंग रिंग, म्हणजे गिअर जोडणारी-सोडणारी सरकती कडी, आपल्या जागी केवळ खाचेच्या पकडीवर बसलेली असते. भार वाढला की ती क्लच गिअरच्या दातांतून सरकून बाहेर येऊ पाहते. शिवाय गिअरची प्रत्येक जोडी थोडी ताकद खाते, आणि इथे तर एकामागून एक अशा पुष्कळ जोड्या आहेत. मोटरवर चालवायची असेल तर गिअरबॉक्स पूर्णपणे वगळावा आणि मोटरपासून मधल्या ॲक्सलपर्यंत एकच जोडी ठेवावी.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. लांब ॲक्सल काढून उजेडाकडे धरावेत आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहावे. अधिक चिन्हाच्या आकाराच्या चारही कडा सरळ रेषेत न दिसता मळसूत्राप्रमाणे किंचित वळलेल्या दिसल्या, तर त्या ॲक्सलला कायमचा पीळ बसला आहे असे समजावे. असा ॲक्सल बुशमधून आणि गिअरमधून सहज निघत नाही, आणि निघाला तरी पुन्हा वापरू नये, कारण तो बीमच्या भोकात घासत फिरतो. पांढुरक्या कडांचा गिअरही पुन्हा कामाचा नाही. ताण बसलेल्या प्लॅस्टिकचा रंग असाच उडतो.

दाते सुटण्याचे आणखी एक कारण म्हणजे गिअरच्या आसपासची बांधणी सैल असणे. भार येताच एकमेकांशी काटकोनात असलेले बेव्हल गिअर परस्परांना दूर लोटतात. बीम मिलिमीटरभर जरी वाकला तरी दाते एकमेकांवर चढतात आणि आपण म्हणता तो कटकट आवाज येतो. बेव्हल जोडी नेहमी बंद चौकटीत असावी. ५ बाय ७ ची आयताकृती चौकट याच कामासाठी उत्तम आहे. चौकटीच्या बाहेर, एका बाजूनेच आधार दिलेला १२ दात्यांचा गिअर म्हणजे पुढच्या दुरुस्तीला दिलेले आमंत्रण आहे.

अधांतरी चाकाचे उत्तर डिफरन्शियलच्या स्वभावातच आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो; एका बाजूला विरोधच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही काही मिळत नाही. आपल्या गाडीत असे तीन आहेत, म्हणून एक चाक उचलले की चारही जातात. आमच्या शेजारच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या वेगमार्गाची वर्णने सगळे करतात, परंतु तिथे वेगवेगळ्या चढांच्या चाचणीपट्ट्याही आहेत, आणि जीपसारख्या वाहनाची खरी परीक्षा तिथे होते. याच भागात ज्या कंपनीचा कारखाना आहे त्या फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक उगाच दिलेले नाहीत.

मांडवी, बडोदे

फिटरसाहेबांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी अर्धाच.

माझा सल्ला असा की डिफेंडरमधून गिअरबॉक्स काढू नये. २०१९ साली जी नवी डिफेंडर आली, तिने जुन्या डिफेंडरचे सरळ ॲक्सल (दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्यावर) सोडून चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन स्वीकारले, आणि हे मॉडेल त्याच नव्या गाडीचे आहे. तिच्यात सरळ ॲक्सल घालायचा, गिअरबॉक्स काढायचा, मोठे टायर लावायचे, आणि शेवटी उरणार काय तर डिफेंडरचे कवच पांघरलेली भलतीच गाडी. ती आहे तशी फडताळात असू द्यावी. मोटर, बॅटरीचा डबा आणि मोठे टायर घेऊन जिप्सी स्वतंत्रपणे करावी. फार तर काही बीम आणि पिना उसन्या घ्याव्यात.

आणि गंमत अशी आहे की आपला पहिला प्रश्न जिप्सीने आपोआप सुटतो. १९८५ साली आपल्याकडे आलेल्या जिप्सीत मधला डिफरन्शियल नसतोच. ती मागच्या चाकांवर चालते आणि गरज पडेल तेव्हा ट्रान्सफर केसच्या दांड्याने पुढचा ॲक्सल जोडला जातो. एकदा जोडला की पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांशी घट्ट बांधले जातात. तेव्हा मॉडेलमध्ये पुढून मागे सरळ एकच ॲक्सल नेला, तर ती तडजोड न ठरता मूळ गाडीशी प्रामाणिक राहणे ठरते. मागच्या ॲक्सलमध्ये तर मी डिफरन्शियलही घालणार नाही; सलग ॲक्सलवर २० दात्यांचा बेव्हल गिअर पुरे आहे. वळताना चाक थोडे घसटेल, पण गुळगुळीत फरशीवर ते जाणवतही नाही. पुढच्या ॲक्सलमध्ये मात्र डिफरन्शियल ठेवावा, नाहीतर गाडी वळायलाच तयार होणार नाही.

आता मापांविषयी, कारण बहुतेकांची गाडी इथेच फसते. आधी टायर निवडावा आणि मग बाकी सर्व मापे त्यावरून काढावीत. उलट केले तर जिप्सीऐवजी टांगा दिसू लागतो. जिप्सी किंगला २०५/७० आर १५ मापाचे टायर येतात, म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६६८ मि.मी. होतो. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २३७५ मि.मी. आणि रुंदी १५४० मि.मी. आहे. आपण ८१.६ चा टायर वापरला तर प्रमाण साधारण १:८.२ येते, आणि टेक्निकचे एक घर ८ मि.मी.चे असल्याने व्हीलबेस ३६ घरे आणि रुंदी साडेतेवीस घरे होते. ६२.४ चा टायर घेतला तर प्रमाण १:१०.७ होते, व्हीलबेस जेमतेम २८ घरे आणि रुंदी १८.

रुंदी नेहमी विषम घरांची घ्यावी. मधोमध एक भोक आले तरच पुढून मागे जाणारा ॲक्सल गाडीच्या बरोबर मध्यावरून जातो. सम रुंदीत तो अर्ध्या घराने बाजूला सरकतो आणि त्या अर्ध्या घराची भरपाई करताना माणूस रडकुंडीला येतो. म्हणून मोठ्या टायरला २३ आणि छोट्याला १७ किंवा १९. माझा कल मोठ्या टायरकडे आहे, कारण आत मोटर, स्टिअरिंगची मोटर आणि बॅटरीचा डबा मावायला जागा मिळते.

रामबागकर, इंदूर

दोघांचाही आभारी आहे. डिफेंडरला हात न लावण्याचा सल्ला घरात बहुमताने मंजूर झाला आहे. ॲक्सल उजेडाकडे धरून पाहिले. मध्यभागी असलेल्या एकाला पीळ स्पष्ट दिसतो.

एक शंका राहते. हबमध्ये रिडक्शन करायचे तर पोर्टल हब घ्यावा लागेल, आणि पोर्टल हबने ॲक्सल चाकाच्या मध्याच्या वर उचलला जातो असे वाचले आहे. मग गाडी उंटासारखी उंच दिसणार नाही का? जिप्सी बुटकी आणि चौकोनी दिसली नाही, तर एवढा खटाटोप कशासाठी?

पिथमपूरचा फिटर

शंका रास्त आहे. पोर्टल हबमध्ये वरचा आणि खालचा गिअर यांच्यात दोन घरांचे, म्हणजे १६ मि.मी.चे अंतर असते. लेगोच्या गिअरचे एक सोयीचे गणित आहे: दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज करून निम्मी करा, तेवढे मिलिमीटर दोन ॲक्सलमधले अंतर. ८ आणि २४ ची निम्मी बेरीज १६, आणि १६ आणि १६ ची सुद्धा १६. त्यामुळे या हबमध्ये आठ दात्यांचा वर आणि चोवीसचा खाली घातला की तीनास एक रिडक्शन मिळते. २०१२ सालच्या ९३९८ क्रमांकाच्या क्रॉलरमध्ये हीच जोडी आहे. १६ मि.मी. ही उंची आपल्या १:८.२ प्रमाणात खऱ्या गाडीच्या १३१ मि.मी.ला बरोबर येते, म्हणजे पाच इंचांहून अधिक. एवढी उचललेली जिप्सी उनिमोग या मर्सिडीजच्या उंच ट्रकच्या कुळातली वाटेल, हे खरे आहे.

दुसरा मार्ग प्लॅनेटरी हबचा आहे. हा २०१९ सालच्या ४२०९९ क्रमांकाच्या ऑफ-रोडरबरोबर आला. त्यात गिअर चाकाच्या मध्याभोवतीच फिरतात, म्हणून ॲक्सल वर उचलला जात नाही आणि रिडक्शनही ५.४ ला एक इतके मिळते. त्याचा दोष जाडीचा आहे: रिमची आतली पोकळी उथळ असेल तर चाक बाहेर येते आणि गाडी फताडी दिसते. हब मागवण्यापूर्वी तो आपल्या रिममध्ये कितपत शिरतो याची खात्री करून घ्यावी.

या हबमुळे मोटरची निवडही बदलते. जिप्सी दोन किलोच्या आसपास राहिली तर तीस अंशांसाठी चाकांवर ४० न्यूटन-सेंटिमीटर हवेत. ते ५.४ ने भागले की मोटरवर जेमतेम साडेसात न्यूटन-सेंटिमीटर भार उरतो, आणि तो एल मोटरलाही पेलतो. ती पूर्ण अडली असताना सुमारे १८ न्यूटन-सेंटिमीटर देते आणि मोकळी असताना मिनिटाला सुमारे ३९० फेरे घेते. एक्सएलपेक्षा ती सडपातळ असल्याने दोन्ही आसनांमधल्या बोगद्यात आडवी बसते आणि गाडीच्या आत चालक बसवायला जागा उरते. एक्सएल मोटर या हबबरोबर लावली तर गाडी मुंगीच्या पावलांनी चालेल: मोकळी असतानाही चाकाचे मिनिटाला चाळीसच फेरे. पोर्टल हब घेतलात तर मात्र एक्सएल योग्य.

लष्करवाला, ग्वाल्हेर

बॅटरी आणि भाग मिळवणे या दोन विषयांवर थोडे लिहितो, कारण चर्चेत ते आलेले नाहीत.

सहा साध्या सेलचे मिळून ९ व्होल्ट होतात. सहा रिचार्जेबल सेलचे ७.२. म्हणजे कागदावर वेग आणि टॉर्क दोन्ही पाचव्या हिश्श्याने कमी होतात. तरीही मी रिचार्जेबलच सुचवेन, कारण चढावर मोटर जास्त वीज ओढते तेव्हा साध्या सेलचा व्होल्टेज झपाट्याने खाली येतो, तर निकेल-मेटल-हायड्राइड सेल तग धरतात. वरचे सर्व हिशेब ९ व्होल्टचे आहेत, हे लक्षात ठेवून हातचे थोडे राखावे. बॅटरीचा डबा मागे सामानाच्या जागेत ठेवू नये. चढावर पुढची चाके हलकी होऊन गाडी मागे उलटू पाहते. तो शक्य तितका पुढे आणि खाली, चेसिसच्या पातळीवर असावा.

सुटे भाग परदेशी विक्रेत्यांकडून मागवताना सीमाशुल्काचा विचार आधी करावा. खेळण्यांवरील मूळ शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. चार हब आणि दोन जॉइंट असे तुकड्यातुकड्याने मागवण्यापेक्षा ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या भागांच्या ऑनलाइन बाजाराच्या स्टुडिओ या मोफत प्रणालीत आधी पूर्ण गाडी संगणकावर रचावी, लागणाऱ्या भागांची यादी काढावी आणि एकदाच मागणी नोंदवावी. पॉवर फंक्शन्सचे उत्पादन आता बंद झाले आहे, म्हणून स्टिअरिंगची मोटर नव्याने घ्यायची असेल तर नव्या पॉवर्ड अप पद्धतीची घेऊन सगळेच तिच्या हबवर (इथे चाकाचा नव्हे, तर मोटर जोडायचा बॅटरीचा डबा) नेणे पुढच्या दृष्टीने सोयीचे आहे. जुन्या मोटरचा प्लग नव्या हबला बसत नाही. सेल, स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर यांसाठी तुमच्याकडे जेल रोडचा बाजार आहेच.

टायरविषयी एकच सूचना. उन्हाळ्यात रबरावर धुळीचा मऊ थर बसतो आणि फळीवर चाके जागेवर फिरतात; माणूस गिअरमध्ये दोष शोधत बसतो. चाचणीपूर्वी टायर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पाणी ४० अंशांहून अधिक गरम नसावे. गिअरवर घरगुती तेल सोडण्याचा मोह टाळावा, कारण काही तेलांनी प्लॅस्टिकला चिरा जातात. फारच वाटले तर सिलिकॉनचा हलका हात.

मांडवी, बडोदे

आता पाट्यांविषयी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांविषयी, कारण चारही चाकांना पाटे नसतील तर तिला जिप्सी म्हणण्यात अर्थ नाही.

लेगोच्या भागांतून भार पेलणारे खरे पाटे करता येतात असा दावा वेळोवेळी होतो. लवचीक ॲक्सलचे दोनतीन थर एकमेकांखाली बांधून मीही ते पाहिले आहे. रिकाम्या चेसिसला ते सुंदर दिसतात, आणि दोन किलोंचा भार आला की बसतात ते उठतच नाहीत. म्हणून पाटे दाखवण्यापुरते ठेवावेत आणि भार शॉक ॲब्सॉर्बरवर घ्यावा. साडेसहा घरे लांबीच्या शॉकमध्ये राखाडी स्प्रिंग मऊ असते आणि पिवळी कडक. दोन किलोच्या गाडीला मागे पिवळी, पुढे बॅटरीच्या जागेनुसार ठरवावे. चेसिसच्या आतल्या बाजूला, किंचित तिरपे बसवले तर बाहेरून फक्त पाटेच दिसतात.

सरळ ॲक्सल चेसिसला कसा बांधायचा, हा खरा कसोटीचा भाग आहे. पुष्कळ जण पुढे एक बॉल जॉइंट देतात आणि ॲक्सल त्याभोवती मोकळा डोलू देतात. सपाटीवर यात काही दोष दिसत नाही. चढावर मोटरने जोर लावला की लांब ॲक्सल ज्या दिशेने फिरतो त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण गाडी एका बाजूला कलते, एका बाजूची चाके हलकी होतात आणि नेमकी त्याच क्षणी पकड सुटते. इथे फिटरसाहेबांचा मुद्दा दुसऱ्या बाजूने सिद्ध होतो: रिडक्शन हबमध्ये असेल तर लांब ॲक्सलमधला टॉर्क कमी, म्हणून हे कलणेही तितकेच कमी. खालून दोन लांब दांडे, वरून एक, आणि ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एका बाजूच्या चेसिसपासून दुसऱ्या बाजूच्या ॲक्सलपर्यंत जाणारा आडवा पॅनहार्ड रॉड, अशी बांधणी करावी. हा आडवा दांडा जितका लांब आणि जितका जमिनीला समांतर, तितके ॲक्सलचे सरकणे कमी.

रामबागकर, इंदूर

निर्णय असा झाला आहे: ८१.६ चा टायर, २३ घरांची रुंदी, ३६ घरांचा व्हीलबेस, प्लॅनेटरी हब आणि एल मोटर. हब रिममध्ये पुरते शिरले नाहीत तर चाकांवरच्या कमानी एकेक घर रुंद करू. नंतर बाजारातून रुंद कमानी बसवून घेतलेल्या जिप्सी आपल्याकडे कमी नाहीत. शरीर पांढऱ्या रंगाचे करावे की सैन्याच्या हिरव्या, यावर मात्र भाचा आणि त्याचे आजोबा यांच्यात एकमत नाही.

स्टुडिओत चेसिस रचताना पुढच्या ॲक्सलवर एक अडचण येते आहे. स्टिअरिंगची मोटर चेसिसवर ठेवली तर ॲक्सल खालीवर झाला की चाके आपोआप थोडी वळतात. ती ॲक्सलवरच बसवावी का?

पिथमपूरचा फिटर

ॲक्सलवर बसवली तर चाकांचे आपोआप वळणे पूर्ण थांबते, पण मोटरचे वजन स्प्रिंगच्या खाली जाते आणि डिफरन्शियलसमोर तिला जागा उरत नाही. जिप्सीच्या नाकाशी ती बाहेरून दिसेल, हे आपल्याला खटकेलच.

चेसिसवरच ठेवावी, आणि स्टिअरिंगचा ओढदांडा आडवा टाकून पॅनहार्ड रॉडला समांतर आणि शक्य तितक्या त्याच लांबीचा घ्यावा. दोन्ही दांड्यांची चेसिसवरची टोके एकाच बाजूला आणि ॲक्सलवरची टोके एकाच बाजूला असली की दोन्ही एकाच चापातून फिरतात आणि चाके सरळ राहतात. स्टुडिओत एक दांडा १३ घरांचा आणि दुसरा ९ घरांचा दिसत असेल, तर अडचण तिथेच आहे. रंगाच्या वादात मी पडणार नाही, पण पांढऱ्या विटा उन्हात पिवळ्या पडतात हे आजोबांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.